वऱ्हाडातला हसणारा वकील

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी रविवारची दुपार ठरलेली असे. जेवणे आटोपली, माजघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला, की आजोबा बंगईवर येऊन बसत आणि कोनाड्यातले एक पुठ्ठा सुटलेले पुस्तक काढून मोठ्याने वाचू लागत. आजोबा कचेरीत अर्जनवीस होते. आठवडाभर लोकांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत उतरवून काढायची आणि रविवारी हसायचे, असा त्यांचा क्रम. अडचण एकच होती. हसण्याचे वाक्य यायच्या आधीच ते हसू लागत, त्यामुळे कुठे हसायचे ते आम्हा पोरांना कळत नसे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ते भारी कडक. खाऊन उठलेल्या हाताने पान उलटलेले दिसले की पाठीत रट्टा बसायचाच.

पुस्तक होते ‘सुदाम्याचे पोहे’. आजी उंबऱ्याशी बसून तुरीची डाळ निवडत ऐके. एकदा आजोबांनी त्यातला ‘गणेशचतुर्थी’ हा लेख वाचायला घेतला. आजीने थोडा वेळ ऐकले, सूप खाली ठेवले आणि म्हणाली, “मोदक मी करतो, अन् पोट याचं काऊन दुखते?”

आजोबांचे हसणे बंद पडले. त्या दिवशी पुढचे वाचन झाले नाही.

आजीचा तो प्रश्न माझ्या डोक्यात साठ वर्षे घर करून आहे. ज्याचे पोट दुखत होते तो माणूस आमच्याच मुलखातला, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. मराठीतल्या विनोदी गद्याचा पहिला धनी, आपल्या काळातला गाजलेला नाटककार, कडवा टीकाकार, आणि धंद्याने वकील. ‘महाराष्ट्रगीत’ म्हणून शाळाशाळांतून गायले जाणारे ते जुने गीतही त्यांचेच. २०२३ साली राज्यगीताचा मान राजा बढे यांच्या गीताला मिळाला, आणि बढे नागपूरचे. म्हणजे महाराष्ट्राची थोरवी गाण्याचा मक्ता विदर्भानेच घेतला होता म्हणायचा! पण गाणे ओठावर असणाऱ्या दहा जणांना कवीचे नाव विचारून पाहा. नऊ जण आकाशाकडे बघतील, आणि दहावा नाव सांगेल, पण तो पुण्याचा असे ठोकून देईल.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूरचा. विद्याभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला, १८९१ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८९७ मध्ये वकिलीची परीक्षा उतरले. त्यानंतरचे आयुष्य बहुतांशी वऱ्हाडात गेले. त्यांच्या नावाशी जोडले गेलेले गाव म्हणजे जळगाव. खानदेशातले केळ्यांचे जळगाव नव्हे. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जावे लागते ते जळगाव जामोद. आज ते बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण जळगाव आणि खामगाव हे दोन्ही तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. तेव्हा अकोलेकरांनी कोल्हटकरांवर थोडा हक्क सांगितला तर बुलढाणेकरांनी राग मानू नये.

त्या काळचा वऱ्हाड डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलेला हा मुलूख कापसावर जगत होता. रेल्वे आली, सरक्या काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, खामगाव आणि अमरावतीच्या कापूस बाजारांचे नाव परदेशापर्यंत गेले. पैसा आला तसे जमिनीचे खटले आले, खटल्यांमागून वकील आले, आणि वकिलांच्या बैठकीत वर्तमानपत्रे आणि नाटके आली. पीक हाती आलेल्या दिवसांत पश्चिमेकडच्या नाटक मंडळ्या वऱ्हाडचा दौरा काढीत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे स्नेही आणि वऱ्हाडातले बडे वकील. १९०५ मध्ये मुंबईला पहिले नाट्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर हेच वऱ्हाडी गृहस्थ होते. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ च्या सुमारास रंगभूमीवर आले आणि पुढे ‘रणदुंदुभी’ने देशभक्तीचा भडका उडवून दिला. अमरावतीच्या नाटकात आग होती. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याचा वकील मात्र गालातल्या गालात हसत होता.

गंमत अशी की त्याला नाव कमवायचे होते ते नाटककार म्हणूनच. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९६ साली त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्र चकित झाला. तोपर्यंत संगीत नाटक म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’-‘सौभद्र’ची वाट: ओव्या, साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या ओळखीच्या चाली. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या उडत्या चाली उचलल्या आणि त्यांवर मराठी पदे बसवली. पुराणातली कथा टाकून स्वतः रचलेली कथा घेतली. संवादात शब्दाला शब्द भिडवून कोट्यांच्या ठिणग्या पाडल्या. तरुण मंडळी वेडी झाली. पाठोपाठ ‘मूकनायक’ (१९०१) आले. नावावरून घोटाळा नको, डॉ. आंबेडकरांचे त्याच नावाचे पाक्षिक १९२० चे, त्याचा या नाटकाशी संबंध नाही. मग ‘गुप्तमंजूष’ (१९०३), ‘मतिविकार’ (१९०६), ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’ आणि पुढची आणखी काही. सगळी मिळून डझनभर नाटके त्यांनी लिहिली.

आणि आज त्यांतले एकही रंगभूमीवर नाही.

असे का झाले? विषय जुने झाले म्हणावे, तर ‘मूकनायक’चा विषय दारूचा आहे, ‘गुप्तमंजूष’चा स्त्रीशिक्षणाचा आणि ‘मतिविकार’चा विधवाविवाहाचा. यांतला कोणता विषय संपला आहे? देवलांच्या ‘शारदे’चा विषय, म्हाताऱ्या नवऱ्याला विकली जाणारी पोर, कायद्याने कधीच निकालात काढला, तरी ‘शारदा’ अजून कुठे कुठे होते आणि डोळे पुसायला लावते. फरक विषयाचा नाही, मांडणीचा आहे. देवलांची माणसे आपल्या आळीत राहतात. कोल्हटकरांची माणसे राहतात राजवाड्यात, नाही तर कुठल्याशा नसलेल्या नगरीत. ती वेष पालटतात, ओळखी लपवतात, एकमेकांना कोडी घालतात. मालक आणि नोकर, शहाणा आणि मूर्ख, सगळे सारखेच चतुर बोलतात. पहिल्या अंकात आपण त्या चतुराईला दाद देतो, तिसऱ्यात दमतो, पाचव्यात घड्याळ बघतो. मी ‘मूकनायक’ दोनदा वाचायला घेतले. पहिल्यांदा अर्ध्यावर ठेवले, दुसऱ्यांदा पुरे केले. नायकाचे दुःख मला शेवटपर्यंत भेटले नाही, नाटककाराची हुशारी मात्र पानोपानी भेटत राहिली.

यात एक मर्म आहे. कोल्हटकरांना समाजावर हसायचे होते, पण नाटकात त्यांनी समाजाला राजपुत्राचे कपडे घालून आणले. प्रेक्षकाला वाटले, हे त्या नगरीतल्या दारूड्यांबद्दल आहे, आपल्याला काय त्याचे! तो टाळ्या वाजवून घरी गेला. उपहासाचा बाण लागायचा तर ज्याला लागायचा त्याला तो ओळखीचा वाटावा लागतो.

इथे एका इंग्रज नाटककाराची आठवण होते. हेन्री फील्डिंग हाही पुढे वकील झाला, पण त्याची गाडी उलट्या दिशेने गेली. अठराव्या शतकात लंडनमध्ये त्याने ‘टॉम थंब’सारखी उपहासाची नाटके लिहून धमाल उडवली. पुढे तर सरळ पंतप्रधान वॉल्पोलची टर उडवायला सुरुवात केली. वॉल्पोलने १७३७ मध्ये कायदाच करून टाकला की सरकारी परवान्याशिवाय नवे नाटक होणार नाही. फील्डिंगचे नाटक संपले. मग तो कायदा शिकला, १७४० मध्ये वकील झाला, पुढे न्यायाधीश झाला, आणि हाताला उपहासाची खाज होती ती कादंबरीत भागवली. १७४९ ची ‘टॉम जोन्स’ ही त्याचीच. म्हणजे सरकारने नाटकाचे दार लावले म्हणून इंग्रजीला एक थोर कादंबरीकार मिळाला.

आपल्याकडेही असा कायदा होता, १८७६ चा. कलकत्त्यातल्या एका प्रहसनाने राजपुत्राच्या स्वागताची थट्टा केली म्हणून सरकारने तो आणला, आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर त्याच कायद्याचा बडगा पडला. कोल्हटकरांच्या वाटेला मात्र तो कधी गेला नाही. त्यांना नाटकातून बाहेर कोणी हाकलले नाही. पण नाटके गाजत असतानाच, बाजूच्या दाराने, त्यांच्या लेखणीने दुसरे घर शोधले होते.

१९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला. नावच पाहा, थेट कचेरीतून उचललेले. वकिलाला रोज दिसणारी माणसे कोणती? शपथेवर खोटे बोलणारी, खरे बोलताना अडखळणारी, स्वतःच्या फायद्यासाठी परंपरेचा दाखला देणारी. उलटतपासणीचे एक तंत्र असते. साक्षीदाराला अडवायचे नाही, बोलू द्यायचे, होकार देत राहायचे, अधिक बोलायला लावायचे. तो आपल्याच शब्दांत पाय अडकवून पडतो. कोल्हटकरांनी हेच तंत्र कागदावर आणले. त्यांनी सुदामा नावाचा निवेदक उभा केला. त्याचे सोबती बंडूनाना आणि पांडूतात्या. हे तिघे सुधारक नाहीत. रूढीचे कट्टर अभिमानी, जुन्या प्रत्येक गोष्टीचे वकीलपत्र घेतलेले. ते रूढीची थट्टा करीत नाहीत, तिची बाजू मांडतात, आणि अशी मांडतात की ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते, अरे, हेच तर आपण काल ओसरीवर बोललो! लेखक मात्र पानभर कुठे दिसत नाही. नाटकात पानोपानी पुढे येणारा हुशार गृहस्थ इथे मूर्खाच्या पाठीमागे दडून बसला, आणि तिथेच तो जिंकला.

सुदामा हे नावही सहज आलेले नसावे. लेखकाच्या वडिलांचे नाव कृष्ण, आणि निवेदक कृष्णाचा गरीब मित्र. पुरचुंडीत बांधून आणलेले मूठभर पोहे, देणाऱ्याला लाज वाटावी असे. नागपूरच्या तर्रीपोह्यांशी त्यांचा संबंध नाही, हे पोहे कोरडेच आहेत आणि चावून खावे लागतात. आधी अठरा लेखांचे पुस्तक झाले आणि त्याला त्यांनी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ म्हटले. पुढे लेख बत्तीस झाले तेव्हा ती ‘साहित्यबत्तिशी’ झाली. सणवार, शकुन-अपशकुन, लग्नाचे बाजार, पत्रिका, पांडित्याचा आव, साहित्यिकांची भांडणे, मध्यमवर्गीय घरातल्या कोणत्याही खोलीत हे पोहे सांडलेले दिसतील.

माझा स्वतःचा आवडता लेख ‘चोरांचे संमेलन’. तो काळ परिषदांचा होता. १८९७ साली अमरावतीला काँग्रेस भरली. प्रत्येक जातीची, धंद्याची, पंथाची परिषद निघत होती, तिला स्वागताध्यक्ष, अध्यक्ष, ठराव, आभार, सगळा सरंजाम असे. कोल्हटकरांनी चोरांनाच परिषद भरवायला लावली. चोर असले म्हणून काय झाले, त्यांनाही धंद्याची उन्नती हवीच! थट्टा चोरांची नाही, हे दोन पाने उलटताच कळते. आणि दैवाचा खेळ असा की त्यानंतर १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच लेखकाकडे चालून आले. त्या खुर्चीवर बसताना त्यांना आपले चोर आठवले असतील का? मला वाटते, आठवले असतील.

या माणसाचा आणखी एक पैलू फारसा कुणाला ठाऊक नसतो. पत्रिकेवर हसणारा हा लेखक ग्रहगणिताचा जाणकार होता. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथ त्यांनी लिहिला. म्हणजे आकाशातला मंगळ कुठे आहे हे स्वतः गणिताने काढू शकणारा माणूस मुलीच्या पत्रिकेतल्या मंगळावर हसत होता. अज्ञानातून केलेली थट्टा आणि ज्ञानातून केलेली थट्टा यांत हा फरक असतो. आमच्या आजोबांना हे माहीत होते. ते म्हणत, “तो फुकट नाही हसत, हिशेब करून हसतो.”

पण मग आजीचे काय?

आजीच्या प्रश्नाला आजोबांनी उत्तर दिले नाही, आणि मीही बरीच वर्षे दिले नाही. उलट मनातल्या मनात तिला अडाणी ठरवून मोकळा झालो होतो. आता वाटते, तिने मोठा मुद्दा काढला होता. घरातल्या सणवारांना हसणारे आजोबा त्या सणांचे मोदक चार खाऊन मग हसत. चूल, सोवळे, पहाटेचे उठणे, हे सारे तिच्याकडे. तिला वर्षाकाठी चार बायका भेटत त्या हळदीकुंकवालाच, माहेरी जायला मिळे ते सणालाच. त्या रूढीत तिचे जोखड होते आणि तिचा विसावाही होता. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघेही पुरुष. ओसरीवर बसून बोलणारे. माजघरात काय चालले आहे ते त्या पोह्यांत फारसे येत नाही. कोल्हटकर स्त्रीशिक्षणाच्या बाजूचे होते, विधवाविवाहाच्या बाजूचे होते, हे खरे. पण त्यांचे वाक्य शिकलेल्या पुरुषासाठी घडवलेले होते. ती घोटीव, समासांनी भरलेली मराठी, एका वाक्यात तीन अर्थ. माझ्या आजीला अक्षर लावून पोथी वाचता येई, पण त्या वाक्याच्या तीन अर्थांपैकी तिच्यापर्यंत एकच पोचे, आणि तो टोचणारा असे.

वऱ्हाडी बोलीचा शब्द तर या वऱ्हाडी लेखकात शोधून सापडत नाही. (एक खुलासा जाता जाता. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या गाजलेल्या प्रयोगातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड, आमचा मुलूख नव्हे. त्याचे कर्ते लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे. तो प्रयोग पाहून अमरावतीची भाषा कळेल म्हणून जाणारे पाहुणे मी पाहिले आहेत.)

आणि नेमके त्याच वर्षांत, त्याच मुलखात, त्याच रूढींवर दुसरा एक माणूस हसत होता. तोही नाटकच करीत होता, पण त्याला कोणी नाटककार म्हटले नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. कोल्हटकरांहून पाच वर्षांनी लहान. वडील दारूने गेले. बालपण अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे वळण्यात गेले. मुलीच्या बारशाला त्यांनी जातभाईंना रिवाजाचे मटण आणि दारू न देता गोडाचे जेवण घातले आणि रोष पत्करला. १९०५ च्या फेब्रुवारीत घर सोडले. कोल्हटकरांचा सुदामा तेव्हा मासिकातून ऐन भरात होता. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर नाही तर हातात गाडगे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे.

त्या कीर्तनाची रीत काय होती? बाबा उपदेश करीत नसत, विचारीत. समोरच्या हजारोंना साधे सोपे प्रश्न, शुद्ध वऱ्हाडीत. उत्तर हो किंवा नाही एवढेच द्यायचे. नवसाच्या बोकडाबद्दल, कर्ज काढून केलेल्या लग्नाबद्दल, दारूबद्दल, शिवाशिवीबद्दल. लोक एका सुरात उत्तर देत, पुढचा प्रश्न येई, पुन्हा उत्तर, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला सगळा मांडव आपल्याच उत्तरात सापडे. मग हशा. त्यांच्या अखेरच्या काळातल्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. उलटतपासणी तीच, जळगाव जामोदच्या वकिलाची. साक्षीदार मात्र हजारो, आणि सगळे आपण होऊन कबूल होणारे.

आजीचे माहेर मूर्तिजापूर तालुक्यातले. तिने बाबांचे कीर्तन दोन-तीनदा ऐकले होते आणि ते सांगताना ती पदर तोंडाला लावून हसे. कर्ज काढून गावजेवण घालावे का, असे काहीसे बाबांनी विचारले, सगळ्या बायांबरोबर आपणही “नाही” म्हणून ओरडलो, आणि मग आठवले की आपल्याच भावाच्या लग्नात तेच झाले होते, हा तिचा आवडता प्रसंग. मी एकदा तिला छेडले, “मग बाबाचं हसणं चालते, अन् आजोबांच्या पुस्तकाचं काऊन नाही चालत?” ती म्हणाली, “बाबानं आधी गाव झाडलं नं, बाप्पा. मंग हासला.”

यात कोल्हटकरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. दोघांची कामे वेगळी होती. गावजत्रेतल्या माणसाला जागे करणारा बाबा होता; पण ओसरीवरच्या पदवीधराला, जो कीर्तनाला जाणारच नव्हता आणि गेला तरी वरच्या पायरीवर बसणार होता, त्याला त्याच्याच भाषेत चिमटा कोण काढणार? तिथे पोहेच लागत होते. शिवाय लहान गावातला वकील ज्या माणसांवर हसत होता तीच त्याची पक्षकार मंडळी होती, हे विसरता येत नाही. पुण्या-मुंबईत बसून रूढीवर हसणे सोपे. गावात संध्याकाळी पारावर तीच मंडळी भेटायची असतात.

त्यांचे नाटकातले अपुरे काम शिष्याने पुरे केले. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. त्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेल्या विनोदी लेखांत सुदाम्याचे रक्त उघड दिसते. गुरूने १९०१ साली दारूचा विषय राजदरबारात नेला होता. शिष्याने तो ‘एकच प्याला’त चार भिंतींच्या घरात आणला, सिंधूच्या जात्याशी आणि पाळण्याशी. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, तेही विदर्भातच, सावनेरला. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या मागे. वि. स. खांडेकरही कोल्हटकरांना गुरुस्थानी मानीत. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा सुदाम्याचा धाकटा चुलतभाऊ म्हणावा लागेल, अधिक गरीब आणि अधिक प्रेमळ. त्याच्या घरात बायकोला बोलायला जागा आहे. आजीला चिमणराव आवडे.

कोल्हटकर १ जून १९३४ रोजी गेले. ‘आत्मवृत्त’ त्यांच्या पश्चात निघाले.

आजी-आजोबा जाऊन आता कितीतरी वर्षे लोटली. वाडा विकला, तेव्हा वाटणीत मला बंगईच्या पितळी कड्या आणि ते पुठ्ठा सुटलेले पुस्तक मिळाले. परवा या लेखासाठी पुन्हा चाळायला घेतले. पाने पिवळी पडली आहेत, काठ तुटताहेत, पण आजोबांच्या धाकामुळे आतून अगदी स्वच्छ. ‘गणेशचतुर्थी’ तेवढा अपवाद. त्या लेखाच्या दुसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पान उलटताना अंगठा लागतो त्या जागी तुपाचा एक डाग आहे. आणि तसाच, थोडा फिकट, पुढच्या पानावर. त्याच्याही पुढच्या पानावर.